वरईच्या पोत्यातला हिशोब: सामाजिक नवोपक्रमाने नव्या धंद्याला नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले तिघे मित्रमैत्रिणी अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून वरई आणि नाचणी घेऊन भगर, पीठ आणि बिस्किटं विकतात. तिसरं वर्ष चालू आहे. मालाचा दर्जा एका पोत्यात एक, दुसऱ्यात दुसरा. ज्या बायकांशी बोलणं झालेलं असतं त्यातल्या बऱ्याच जणी ऐनवेळी राजूरच्या व्यापाऱ्याला माल घालून मोकळ्या होतात. स्पर्धांच्या अर्जांमध्ये हे तिघं स्वतःच्या कामाला ‘सोशल इनोव्हेशन’ म्हणतात, एकदोन बक्षिसंही मिळाली आहेत. पण ज्याच्याकडे भांडवल मागायला गेले तो म्हणाला, आधी धंदा उभा करा, समाजाचं नंतर बघू. तर सामाजिक नवोपक्रमाने नव्या धंद्याच्या यशात खरंच काही भर पडते का, असं त्यांनी विचारलं आहे.

पडते. तुमच्यासारख्या धंद्यात तर त्याशिवाय दुसरा मार्गच मला दिसत नाही. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या (शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपन्या) आणि त्यांच्याकडून माल घेणारे छोटे उद्योग यांच्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो.

नव्या धंद्याकडे पैसा कमी असतो आणि पत त्याहून कमी. बाजारात कुठे कडी तुटलेली असेल, तर मोठी कंपनी ती पैसे टाकून जोडते. गोदाम बांधते, उधारी देते, तपासणीला माणसं ठेवते, माल खराब निघाला तर सोसते. तुम्हाला यातलं काहीच परवडत नाही. तुम्हाला ती कडी माणसांमधले व्यवहार बदलूनच जोडावी लागते. माल कोण तपासणार, पैसे कधी मिळणार, नुकसान झालं तर कोणाच्या खिशातून जाणार, कोणाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, नफ्यात वाटा कोणाला. ही मांडणी नव्याने बसवणं म्हणजे सामाजिक नवोपक्रम. शाळेत वह्या वाटणं, गावात झाडं लावणं ही चांगली कामं आहेत, जरूर करा, पण ती वेगळी. कंपनी कायद्यातला नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचा नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तुमच्या भांडवलदाराच्या डोक्यात बहुधा तेच चित्र आहे आणि म्हणून तो ‘नंतर’ म्हणतो.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातून जे उचलायला हवं ते सहसा कोणी उचलत नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, आणि पावसाळ्यातही काम चालू राहिलं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. ही गोष्ट इथे थांबवली तर ती जिद्दीची गोष्ट वाटते. पुढची मांडणी बघा.

सकाळी केंद्रावर पीठ मळून तयार असतं. बाई आदल्या दिवशी लाटलेले, वाळवलेले पापड घेऊन येते. तिथल्या तिथे पापड तपासले जातात, जाडी, आकार, वाळणं. लाटण्याची मजुरी हातात पडते आणि आजचं पीठ घेऊन ती घरी जाते. लाटायला आणि वाळवायला घरात स्वच्छ जागा आहे ना, हे आधी पाहिलेलं असतं. प्रत्येक जण सभासद, म्हणजे मालकीण, नफ्यातोट्यात वाटेकरी.

आता हे धंद्याच्या नजरेने वाचा. कारखान्याची जागा लागली नाही, कारण काम घरी. मुकादम लागला नाही, कारण तपासणी देवघेवीच्या क्षणीच होते आणि वाईट माल पुढे सरकतच नाही. पैसे त्याच दिवशी मिळतात म्हणून बाई दुसऱ्याकडे जात नाही. ती मालकीण आहे म्हणून शेजारणीने जाड पापड लाटला तर तिलाच खटकतं. घर, लेकरं, सासूचं आजारपण सांभाळून बाईला जेवढं काम जमतं तेवढं ती नेते, म्हणून ज्या बायकांना बाजारात कोणी कामावर घेतलं नसतं त्यांचं कौशल्य धंद्याला मिळालं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक भारी, एक स्वस्तातला. त्यांना उसने पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि दर्जा पाडू नका. पुढे संस्थेने देणग्या न घेण्याचं धोरण ठेवलं. मला हा त्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण देणगी नसली की प्रत्येक नियमाला आपला खर्च स्वतःच काढावा लागतो.

तुमच्या अगदी जवळचं उदाहरण मात्र एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीचं आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सौर ऊर्जेवर चालणारं वाळवणी यंत्र तयार केलं. यंत्र चांगलं होतं. भाजी उन्हात उघड्यावर वाळवली तर रंग जातो, धूळ बसते. यात तसं होत नाही. साधा विचार असा की यंत्र शेतकऱ्याला विकावं. पण वाळवलेल्या कांद्याचं छोट्या शेतकऱ्याने करायचं काय? तो घेणार कोण? यंत्राला पैसे कुठून आणायचे? जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर बाईला कर्ज कशावर मिळणार? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर यंत्रात नव्हतं. कंपनीने व्यवहार बदलला. गावातल्या बायकांना छोट्या उद्योजिका म्हणून उभं केलं, यंत्रासाठी कर्ज मिळायला मदत केली, बाजारात ज्याला भाव येत नाही असा माल त्यांनी चिरून वाळवायचा आणि वाळलेला माल कंपनीने विकत घेऊन खाद्यउद्योगाला पुरवायचा. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातून सुरू झालेलं हे काम २०२३ मध्ये पर्यावरणाच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अर्थशॉट पुरस्कारापर्यंत गेलं. बक्षिसापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या तरुणांनी धंद्याचा मध्य यंत्रावरून हलवून खरेदीच्या हमीवर आणला. अभियंत्याला हे करणं जड जातं. स्वतः बनवलेली वस्तू बाजूला ठेवून, तिच्याभोवतीची माणसं काय हिशोब करतात हे बघावं लागतं.

आता तुमच्या वरईकडे येतो. तुम्ही मालाच्या दर्जाबद्दल लिहिलंत, म्हणून तिथूनच सुरू करू.

वरई डोंगरउतारावरची. कापून पेंढ्या खळ्यावर आणतात, मळणी जमिनीवर होते, त्यामुळे बारीक खडा आणि माती दाण्यात मिसळते. दाणा इतका बारीक की पाखडूनही खडा पूर्ण जात नाही. त्यात हळवी (लवकर येणारी) आणि गरवी (उशिरा येणारी) वाणं एकत्र झाली की दाण्याचा आकार सारखा राहत नाही. गिरणीत एक दाणा नीट सोलला जातो तेव्हा दुसरा फुटतो किंवा टरफलासकट पुढे जातो. ग्राहकाला भगरीत एक खडा दाताखाली आला की तो पुन्हा तुमचं पाकीट घेत नाही. उपवासाच्या पदार्थात तर अजिबात नाही.

समजा एक ताई १०० किलो वरई घेऊन आली आणि तुम्ही ४५ रुपये किलोने तिला ४,५०० रुपये दिलेत. त्यात ८ किलो खडा, माती, फोल निघालं. खरा दाणा ९२ किलो, म्हणजे तो तुम्हाला जवळपास ४९ रुपयांना पडला. त्यावर खडे काढण्याची मजुरी, गिरणीच्या यंत्राची झीज, परत आलेली पाकिटं धरून किलोमागे ४ रुपये मोजा. झाले ५३. आता तुम्ही तिला मळणीसाठी ताडपत्री आणि चाळणी दिलीत, तिने माल साफ करून आणला. तोच ९२ किलो दाणा आता ९४ किलोच्या पोत्यात आला. बरेच नवे उद्योग इथे अडखळतात. ते म्हणतात, स्वच्छ मालाला दोन रुपये जास्त देऊ, ४७ रुपये. ९४ गुणिले ४७ म्हणजे ४,४१८. बाईने दोन दिवस जास्त राबून ८२ रुपये कमी कमावले. पुढच्या वेळी ती माती घालूनच आणणार किंवा राजूरला घालणार, आणि तिचं अगदी बरोबर आहे. तुम्ही मात्र बैठकीत म्हणाल की लोकांना दर्जाचं महत्त्व कळत नाही.

त्याऐवजी ५० रुपये द्या. तिला ४,७०० मिळतात, २०० रुपये जास्त. तुम्हाला खरा दाणा ५१ रुपयांना पडतो आणि निवडण्याचा खर्च जवळपास उरत नाही. ५३ चे ५१ झाले. आकडे मी समजायला सोपे घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील; पण कागदावर तुमचा आणि तिचा असे दोन रकाने पाडा आणि दोन्हीत रक्कम वाढते का बघा. तिच्या रकान्यात तिचे जास्तीचे कष्टही धरा. तिच्या रकान्यात वाढ दिसत नसेल तर तुम्ही काढलेली योजना चालणार नाही, तिला कितीही सुंदर नाव द्या.

एक काम आणखी करा. वजन आणि तपासणी गावात, सगळ्यांसमोर. काट्यावरचा आकडा बाईला दिसला पाहिजे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते तुमच्या माणसाच्या हातात न ठेवता गटातल्याच एकीला वापरायला शिकवा. १२ टक्क्यांच्या आत असेल तर माल घ्यायचा, नसेल तर आणखी एक ऊन द्यायचं. नकार शेजारणीच्या तोंडून आला आणि आकडा समोर असला की भांडण होत नाही. पुण्याहून आलेल्या मुलाने तोच नकार दिला तर तो अपमान ठरतो. अमूलने खेड्याखेड्यात दूधसंकलन केंद्रावर स्निग्धांश तपासून त्यावर पैसे द्यायला सुरुवात केली, त्यामागचं बळ हेच. १९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अमूलचा दूध संघ नोंदवला गेला तेव्हा शेतकऱ्यांची तक्रार भावाइतकीच मोजमापाची आणि मनमानीची होती.

ऐनवेळी राजूरला जाणाऱ्या मालाचं कारण मात्र वेगळं असावं, आणि ते भाव नसेल असं मला वाटतं. आषाढ-श्रावणात घरात पैसा नसतो. आवणीची मजुरी, शाळेचा खर्च, दवाखाना. तेव्हा व्यापारी उचल देतो आणि हंगामात माल त्याच्याकडे जातो. त्याला शोषक म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण रात्री दहा वाजता मुलाला ताप आला तर तो पाचशे रुपये देतो, कागद मागत नाही. तुम्ही नोव्हेंबरमध्ये उगवता. किलोमागे पाच रुपये जास्त दिलेत तरी ती जुलैचा शब्द मोडणार नाही, आणि मोडू नये.

तर तुम्ही उचल द्यायची का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. तुमचं भांडवल त्यात अडकेल, वसुली करताना तुम्ही सावकार व्हाल आणि पाऊस फिरला की दोघंही बुडाल. ते काम बचत गटाचं आहे. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, आणि आज महाराष्ट्रात उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या गटांचं गावागावांत जाळं आहे. गटातून श्रावणात तीन-चार हजारांचं कर्ज निघावं आणि तुम्ही गटाला लेखी खरेदीहमी द्यावी: इतका माल, या दर्जाचा, किमान या भावाने. वजन झालं की पैसे थेट बाईच्या खात्यात जातील आणि गटाचा हप्ता ती स्वतः फेडेल. गटाला तुमच्या हमीमुळे कर्ज द्यायला धीर येतो आणि तुम्हाला गटामुळे माल मिळतो. व्यापाऱ्याचं जुनं देणं असेल तर ते आधी फिटू द्या. पहिल्या वर्षी तिचा अर्धाच माल मागा.

पैसा कोणाच्या जगण्याच्या लयीने फिरतो हे ज्यांनी नीट पाहिलं, त्यांच्यात मी म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचं नाव पहिलं घेईन. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी घरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडी थोडी बचत करायची होती, आणि बँका तिचं खातं उघडत नव्हत्या. चेतना सिन्हांनी बायकांना घेऊन बँकच काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, हिशोब येतो. व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो. १९९७ ला बँक उभी राहिली. तिथे बँक बाईच्या दारात जाते, कारण बाई मजुरी बुडवून बँकेत येऊ शकत नाही. पुढे कार्ड आलं तेव्हा पिन दुसऱ्याला कळेल अशी भीती बायकांनीच बोलून दाखवली आणि त्यापेक्षा बोटाचा ठसा घ्या, हेही त्यांनीच सुचवलं. ग्राहकाला विचारलं की उपाय कित्येकदा तयार मिळतो, पण विचारणारा माणूस ऐकायला थांबलेला हवा.

कर्नाटकातल्या सेल्कोनेही हेच केलं. हरीश हांडे यांनी १९९५ पासून गरिबांना सौरदिवे विकले. फेरीवाल्याला महिन्याचा एकरकमी हप्ता डोईजड होतो. तोच दिवसाच्या दहा रुपयांत वाटला की जमतो, कारण रॉकेलवर तो तेव्हा रोज तेवढे घालवतच असे. सेल्कोने पॅनेल विकायच्या आधी ग्रामीण बँकांच्या शाखांमध्ये जाऊन व्यवस्थापकांना पटवलं की या दिव्याने मिळकत वाढते, हे कर्ज द्यायला हरकत नाही. शाखा व्यवस्थापकाला पटवणं हे कोणाच्या डोळ्यांत भरणारं काम नाही. सेल्कोचा धंदा त्यावर उभा राहिला.

पैशानंतरचा भाग शिस्तीचा. एकट्या धंद्याला हे जमत नाही, समूहाला जमतं. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला आणि नाशिक, सांगली, सोलापूरच्या निर्यातदार बागायतदारांचं प्रचंड नुकसान झालं. अनेकांनी जाणूनबुजून काहीच चुकीचं केलं नव्हतं. निर्यातीत एका बागेतली फवारणी सगळ्यांचा माल अडवू शकते. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सची घडण याच सुमाराची. विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी केली, प्रत्येक प्लॉटची नोंद ठेवली, कोणत्या तारखेला काय फवारलं ते लिहून ठेवलं, माल कुठल्या बागेतला हे शोधता येईल अशी व्यवस्था बसवली. शेजाऱ्याची फवारणी ही आपलीही बाब आहे, हे बागायतदाराने मान्य करणं सोपं नसतं. ते मान्य झालं म्हणून सुपरमार्केटच्या खरेदीदाराने त्यांच्यावर भरवसा ठेवला. तुमच्या वरईत हा प्रश्न रसायनाचा नसून वाणाचा आहे. एका वाडीने एकच वाण लावायचं ठरवलं तर तुमच्या गिरणीत फुटीचं प्रमाण खाली येईल. बियाणं निवडायला अकोल्यासारखा तालुका नाही. देशी बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे तिथल्याच, आणि बायफ या संस्थेचं बियाणं संवर्धनाचं काम तिथे बरीच वर्षं चालू आहे. कोणत्या जमिनीत कोणतं वाण टिकतं हे ठरवायला तुमची गरज नाही, त्या बायकांनाच विचारा. तुम्ही फक्त सांगा की गिरणीला कोणता दाणा सोपा जातो.

पुण्यात राहता म्हणून ‘स्वच्छ’चाही उल्लेख करतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचक संघटित केले, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा उचलू लागल्या. सेवाशुल्क थेट नागरिक देतात. ओळखपत्र, ढकलगाडी आणि ठरलेली घरं, एवढ्याने कचरा वेचणारी बाई सेवा देणारी व्यावसायिक झाली. तुम्हाला त्यातलं ओळखपत्र घेण्यासारखं आहे. गावात माल तपासणाऱ्या ताईला तुमच्या धंद्याचं ओळखपत्र आणि दिवसाचा ठरलेला मोबदला द्या. फुकट ‘सहभाग’ मागू नका.

आता धोके. सामाजिक मांडणी फुकट नसते. गावात बैठका घ्यायला माणूस लागतो, त्याचा पगार आणि पेट्रोल लागतं, आणि पहिलं वर्ष त्यातून काहीच येत नाही. हा खर्च अनुदानातून करायचा मोह होतो. अनुदान प्रशिक्षणाला, यंत्राला, एखाद्या प्रयोगाला जरूर घ्या. पण रोजची खरेदी, तपासणी आणि पैसे देणं हे ज्या दिवशी अनुदानावर चालायला लागतं, त्या दिवसापासून तुमच्या हिशोबात खरा भाव दिसेनासा होतो. मग प्रकल्प संपतो आणि बायकांना जे ५० रुपये मिळत होते ते पुढच्या हंगामात ४४ होतात. एकदा असं झालं की त्या वाडीत पाच वर्षं कोणी तुमचं ऐकणार नाही.

‘आम्ही उत्पादक कंपनी काढू का’ असंही तुम्ही विचारलंत. आत्ता नको. कायद्याने दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी नोंदवता येते. केंद्राच्या २०२० च्या योजनेत दहा हजार संस्थांचं उद्दिष्ट होतं आणि एका संस्थेला तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चापोटी १८ लाखांपर्यंत मदत होती, त्यामुळे नोंदणीचा ओघ मोठा. नोंदणी झाली, फलक लागला, संचालक नेमले, पण विकायला काय आणि घेणारा कोण हे ठरलेलंच नाही, अशा कितीतरी कंपन्या मी पाहिल्या आहेत. मदत थांबली की दरवर्षीचं ऑडिट आणि कागदपत्रांचा खर्चही झेपत नाही. आधी तीन हंगाम व्यवहार करा. बायकांच्या हातात नियमित पैसा आणि गटात निर्णयाची सवय आली की मालकीचा प्रश्न त्याच काढतील. तेव्हा टाळू नका. तुमच्या कंपनीत त्यांचा वाटा असावा, की त्यांची वेगळी कंपनी आणि तुम्ही तिचे खरेदीदार, हे तेव्हा ठरेल. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण तुमच्या ब्रँडचे चढउतार त्यांच्या अंगावर येत नाहीत.

राहिला तुमचा भांडवलदार. त्याच्याशी समाजसेवेवर वाद घालू नका. २०२२ मध्ये सह्याद्री फार्म्सच्या काढणीपश्चात प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. त्यात नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को या विकास वित्तसंस्था होत्या. उत्पादक कंपनीत शेतकऱ्यांची मालकी तशीच राहिली, बाहेरचं भांडवल उपकंपनीत आलं. शेतकऱ्यांच्या मालकीमुळे भांडवल अडलं नाही. पुरवठा पक्का आहे, दर्जा शोधून काढता येतो आणि शेतकरी सोडून जात नाहीत, हे तिथे व्यवहारातून सिद्ध झालेलं होतं.

तुम्हीही तेच दाखवा, छोट्या प्रमाणात. एका पानावर चार आकडे. मागच्या हंगामात ज्यांनी माल दिला त्यांतल्या किती जणी यंदा परत आल्या. खऱ्या दाण्याचा किलो गेल्या वर्षी कितीला पडला आणि यंदा कितीला. वजन झाल्यापासून खात्यात पैसे जाईपर्यंत किती दिवस लागले. ग्राहकांकडून किती पाकिटं परत आली. शेवटचे दोन आकडे तुमच्याकडे आजच असतील, पहिले दोन नसतील, कारण तुम्ही खरेदी पोत्याने लिहिता, माणसाने लिहीत नाही. वहीत प्रत्येक ताईचं नाव, वाडी, वाण, वजन, ओलावा, रक्कम असे रकाने पाडा. परत येणाऱ्यांचं प्रमाण दोन हंगाम वाढत गेलेलं दिसलं तर समजूतदार गुंतवणूकदाराला वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि ते वाढत नसेल तर भांडवल घेऊच नका. आधी न आलेल्या चार जणींच्या घरी जाऊन बसा, कारण विचारा, त्यांच्या रकान्याचा हिशोब पुन्हा मांडा.

यंदा एकाच वाडीत करा, एकाच वाणावर. गटाशी खरेदीहमीचं बोलणं आवणीच्या आधी व्हायला हवं आणि ताडपत्र्या, चाळण्या दसऱ्याच्या आत वाडीवर पोचल्या पाहिजेत, कारण हळवी वरई तोवर कापणीला आलेली असते.